सॉसेजच्या पाकिटातला झिगी

८ ऑक्टोबर, रविवार

आज एकोणनव्वद पूर्ण झाली. केक चांगला होता, कॉफी पाणचट होती, आणि माझ्या पणतीने सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली.

हेझल सात वर्षांची आहे. रेमंडची नात. तिने माझ्यासाठी चित्र काढून आणलं होतं. चित्रात मी, नाक भोपळ्याएवढं, हातातला खोका कचऱ्याच्या डब्यात फेकतेय, आणि शेजारी एक मुलगा भोकाड पसरून रडतोय. अश्रू निळ्या खडूने काढलेले, पार बुटांपर्यंत. खाली लिहिलंय, 'पणजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

सगळे पोट धरून हसले. रेमंड सगळ्यात जोरात. माझा मुलगा सदुसष्टीचा झाला तरी हसताना अजून टेबल बडवतो. मग माझ्या डोक्याची पापी घेऊन म्हणाला, "बघ आई, तुझी कीर्ती आता चौथ्या पिढीत गेली."

मीही हसले. दुसरं काय करणार? पण मनात हिशेब मांडला. एकोणनव्वद वर्षं जगले, तीन मुलं वाढवली, शाळेच्या भटारखान्यात सव्वीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवू घातलं, आणि माझी आठवण काय राहणार, तर रेची, म्हणजे रेमंडची, बेसबॉलपटूंच्या चित्रांची कार्डं कचऱ्यात टाकणारी बाई.

ते काही नाही. मरायच्या आधी ते कार्ड शोधून त्याच्या हातात ठेवणार. खोकाभर नाही जमायची, पण ते एक. झिगीचं, त्याच्या लाडक्या खेळाडूचं.

९ ऑक्टोबर, सोमवार

इथे लिहायला हरकत नाही. ही वही भरतकामाच्या पेटीत असते आणि माझ्या भरतकामाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

कार्डं मी टाकली नाहीत.

पासष्ट सालच्या सप्टेंबरात आमचा बेसबॉलचा संघ मिलवॉकीतला शेवटचा सामना खेळला आणि अटलांटाला चालता झाला. मालकांना तिथे जास्त पैसा दिसला म्हणे. या गावातले बाप्ये तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखे फिरत होते. माझा नवरा चेस्टर, आमचा चेट, त्यातला पहिला. दर रविवारी आधी चर्च, मग मैदान, यात कधी खंड नाही. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो कातड्याच्या कारखान्यातून घरी आला, येताना वाटेत दोन पेले घेतले होते, आणि न बोलता तळघरात उतरला. त्या वर्षी थंडी लवकर पडली म्हणून कोळशाची भट्टी पेटवलेली होती. त्याने टोपी टाकली, मफलर टाकला, दहा-बारा वर्षांची धावपत्रकं टाकली. आणि मग रेचा खोका टाकला.

मी खाली पोचले तोवर उशीर झाला होता. चेट कोळशाच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडत होता. "लोटी, पोराचा होता गं तो. मी काय केलं!" एवढा दांडगा माणूस, त्याला तसं रडताना मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

रे तेव्हा नऊ वर्षांचा. बाप म्हणजे त्याचा देव. शेजारी नोवाकांकडे खेळायला गेला होता, तेवढं बरं. त्याची टोपी मात्र तळघराच्या जिन्यावर पडलेली होती. ही पोरं टोप्या कुठेही टाकतात.

मी चेटला म्हटलं, "तू काही केलं नाहीस. मी केलं. ऊठ, तोंड धू."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेला सांगितलं, "घर आवरताना तुझा खोका माझ्या हातून कचऱ्यात गेला रे बाळा." वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. पण रडला नाही की भांडला नाही. "बरं आई," म्हणाला आणि पाव खात बसला. कचऱ्याचा डबासुद्धा उघडून बघितला नाही. लहानपणी फार गुणी होता, आता वात्रट झालाय.

मी राख काढायला खाली गेले, तर भट्टीचं घमेलं आधीच कुणीतरी रिकामं करून पुसून ठेवलेलं. चेटने आयुष्यात ते काम कधी केलं नव्हतं. लाज वाटली असणार, म्हणून मी काही बोलले नाही.

चेटला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. आता सांगितलं तर माझं नाव धुऊन निघेल, पण डाग त्याच्यावर पडेल आणि तो बिचारा उत्तर द्यायला नाही. म्हणून सांगणं नाही, शोधणं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

बर्निस मला वेस्ट ॲलिसला कार्डांच्या दुकानात घेऊन गेली. बर्निस माझी बोलिंगची मैत्रीण, वय ब्याऐंशी, गाडी अशी चालवते की मागच्याने आपलं आपण बघावं. दोन लाल दिवे तोडले. मी ओरडले तर म्हणते, "अगं, पिवळेच होते, तुझा मोतीबिंदू वाढलाय."

तिला मी एवढंच सांगितलंय की टाकलेलं कार्ड शोधतेय. ती म्हणाली, "टाकायच्या आधी अक्कल नको का?" मी ऐकून घेतलं. सवय आहे.

दुकानदाराचं नाव डेल. दाढी छातीपर्यंत, पण माणूस आदबशीर. त्याला म्हटलं, झिगी ओलेनिक, राखीव कॅचर, साल चौसष्ट, होल्झर सॉसेजच्या पाकिटात मिळायचं ते कार्ड.

त्याने शिट्टीच वाजवली. "आजी, तुम्ही मागून मागून नेमकं तेच मागताय! झिगीला जूनमध्येच खालच्या संघात पाठवलं. होल्झरवाल्यांनी त्याचं कार्ड लगेच बंद केलं. मी तीस वर्षांत दोनदा बघितलंय."

मला काय सांगतोस, बाबा! त्या उन्हाळ्यात रेपायी आम्ही सॉसेज खाऊन खाऊन जेरीला आलो होतो. उकडून, भाजून, कोबीत, बटाट्यात, एकदा तर पॅनकेकमध्येसुद्धा. चेट म्हणायचा, "लोटी, मला आता भुंकावंसं वाटतंय." झिगी आमच्याच भागातला, आमच्याच चर्चमधला पोरगा. एकदा मैदानाबाहेर त्याने रेच्या हातात आपला हातमोजा धरायला दिला होता, दोन मिनिटं. तेवढ्यावर रे त्याचा जन्माचा भक्त झाला. आणि झिगी निघाला कधी, तर मेच्या शेवटी, एकोणचाळिसाव्या पाकिटात.

मी डेलला नाव सांगितलं तर म्हणाला, "वॉयचिक? रे वॉयचिक इलेक्ट्रिशियनच्या तुम्ही आई? तो येतो की इथे अधूनमधून. एकदा मला झिगी मिळाला होता, पहिला फोन त्यालाच केला. तर म्हणाला, नको, माझ्याकडे आहे."

आहे म्हणे! कुठून असणार? फुशारकी मारायची, दुसरं काय. परवडत नसेल, चारचौघांत कबूल कसं करायचं. मला उलट भरूनच आलं. घरी येईपर्यंत बर्निसशी भांडले नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

विमानतळाजवळच्या हॉटेलात कार्डांचा बाजार भरला होता. दोनशे टेबलं, आणि सगळीकडे पोट सुटलेले म्हातारे, आपल्या आयांनी काय काय फेकलं ते एकमेकांना सांगतायत. मी मान खाली घालून फिरले. मला वाटलं होतं मी एकटीच बदनाम. इथे तर सगळ्या गावाच्या आया आरोपी.

एका टेबलावर झिगी होता! काचेच्या पेटीत, कोरा करकरीत, चकचकीत.  विकणारा रेशमी शर्टातला, शिकागोचा. किंमत ऐकून बर्निस खुर्ची शोधायला लागली.

मी म्हटलं, "जरा बाहेर काढा."

"हात लावायचा नाही हं आजी, फार नाजूक माल आहे."

मी चष्मा पुसला आणि नीट बघितलं. मग म्हटलं, "हे खोटं आहे."

"काय बोलताय! प्रमाणपत्र आहे!"

"प्रमाणपत्र तुमच्या शर्टासारखं आहे. हे कार्ड सॉसेजच्या खाली घातलेलं असायचं. वरच्या डाव्या कोपऱ्याला चरबी लागणारच. लागायचीच. एका उन्हाळ्यात शंभर पाकिटं मी या हातांनी फोडलीत, एक कार्ड बिनडागाचं निघालं नाही. तुमच्या झिगीने सॉसेज बघितलेलं नाही."

आजूबाजूला लोक जमले. एकाने टाळ्या वाजवल्या. रेशमी शर्टाने पेटी टेबलाखाली सारली. बर्निस दार येईपर्यंत सांगत होती, "माझी मैत्रीण आहे ही, माझी!"

कार्ड मिळालं नाही, पण दिवस झकास गेला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

रे थंडीच्या खिडक्या बसवायला आला होता. हीटरचा पायलट लाइट विझलाय, खाली जाऊन बघ म्हटलं तर नेहमीप्रमाणे तोंड वाकडं. आयुष्यभर लोकांच्या तळघरांत तारा ओढल्या या माणसाने, पण माझ्या तळघरात उतरायचं म्हणजे जिवावर येतं. लहानपणापासून असंच. कोळ्यांना भितो, बहुतेक.

पिझ्झावाल्याला पैसे देताना त्याच्या पाकिटातून एक कपटा पडला. प्लॅस्टिकमध्ये घातलेला, तपकिरी, अर्ध्या पत्त्याएवढा, एक कड काळी. मी उचलला. डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्याने झटकन हातातून घेतला.

"काय रे ते?"

"काही नाही गं. जुनी पावती."

"एवढी जुनी? प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलीस ती?"

"आई, पिझ्झा गार होतोय."

उगाच विषय बदलतो. मी सहज विचारलं, "रे, तो खोका गेला तेव्हा तुला फार वाईट वाटलं होतं का रे?" तर माझ्या ताटात मोठा तुकडा वाढत म्हणाला, "अजून वाटतं. कसली निर्दयी बाई आहेस तू!" आणि टेबल बडवून हसला.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

चर्चच्या तळमजल्यावर तळलेल्या माशांचं जेवण. रांगेत माझ्यापुढे फादरची बहीण होती, तिच्याकडून कळलं की झिगीची धाकटी बहीण अजून आहे. फ्लोरेन्स. कडाही भागात एकटी राहते. झिगी आठ वर्षांपूर्वी गेला, त्याचं सगळं सामान तिच्याकडे.

अठ्ठावन्न वर्षं मी चार मैलांवर राहतेय.

मासा अर्धा टाकून उठले. बर्निसने तो संपवला.

७ नोव्हेंबर, मंगळवार

फ्लोरेन्स ओलेनिक म्हणजे एक वल्लीच. वय पंच्याऐंशी, ओठांना लाल लाली, दारातच विचारते, "धर्मप्रसार की विमा?"

मी सगळं सांगितलं. तिने आत बसवलं, खसखशीचा रोल दिला (माझा जास्त चांगला होतो) आणि फ्रिजच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे चुंबकाखाली झिगी होता! उकिडवा बसलेला, हातमोजा पुढे, कान टोपीबाहेर. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात तेलाचा तो पिवळा डाग. मला रडूच आलं.

"विकायचं नाही," ती म्हणाली. "शेवटचं आहे. रोज सकाळी दूध काढताना त्याला शिव्या घालते. माझी सायकल मोडली होती त्याने."

"मी कितीही..."

"पैशाचं नाव काढू नका. आणि काय हो, आई असून पोराची कार्डं फेकलीत? झिगी नेहमी म्हणायचा, माझं अर्धं नाव आयांनीच कचऱ्यात घातलं."

ओठांपर्यंत आलं होतं. 'मी नाही हो फेकली.' चार शब्द. परकी बाई, चेटला कधी भेटलेली नाही, तिला सांगितलं तर कुणाचं काय जाणार होतं? पण मी रोलचा मोठा घास घेतला आणि तोंड बंद ठेवलं.

मग माझी नजर टेबलावरच्या पत्त्यांच्या जोडाकडे गेली. कडा झिजलेल्या.

"शीप्सहेड खेळता?" मी विचारलं.

तिचे डोळे लकाकले. "माझ्याशी खेळायला आता कुणी उरलं नाही. जे होते ते एकतर मेले, नाहीतर हरून रुसले."

"शनिवारी येते. बर्निसला आणते तिसरी म्हणून. मी हरले तर दर रविवारी तुमच्यासाठी खसखशीचा रोल, मरेपर्यंत. जिंकले तर झिगी."

"कोण मरेपर्यंत?"

"जी आधी जाईल ती."

ती हसली आणि माझ्या हातावर टाळी दिली.

११ नोव्हेंबर, शनिवार

सविस्तर लिहिणार. माझी वही आहे.

पंधरा डाव ठरले. फ्लोरेन्स पत्ते वाटते ते बघत राहावं, बोटं विशीतली. दहा डावांनंतर ती एवढी पुढे होती की मी मनात खसखस किती लागेल त्याचा हिशेब करायला लागले. बर्निस माझ्यावरच खेकसतेय, "अगं, हुकूम कशाला जाळलास!" चवदाव्या डावापर्यंत कशीबशी बरोबरी केली.

शेवटचा डाव. या खेळात जी पालथे पत्ते उचलते ती एकटी, बाकीच्या दोघी तिच्याविरुद्ध. पहिली पाळी माझी. हातात राण्या तीन होत्या. उचलायला हरकत नव्हती. पण मी फ्लोरेन्सच्या तोंडाकडे बघितलं. लाली चावत होती. चेट म्हणायचा, समोरच्याला हाव सुटली की आपण जांभई द्यायची. मी जांभई दिली आणि पाळी सोडली. बर्निसने पण सोडली. फ्लोरेन्सने झडप घातली.

मग आम्ही दोघींनी तिला सोलून काढली. ती एक्का टाकते, मी हुकूम मारते. ती राजा टाकून हसते, आणि या खेळात राजाला कोण विचारतो, राणी मोठी! शेवटच्या हाताला मी किल्वरची राणी, सगळ्यांत मोठी, ठेवली, हळूच, कपबशी ठेवावी तशी.

बर्निसने खुर्चीत बसल्या बसल्या पोल्का नाच केला.

फ्लोरेन्सने पत्ते गोळा करून जोड नीट लावला. मग उठली, फ्रिजवरून झिगीला काढलं, पदार्थांच्या चिकट वहीतून एक कागद फाडला आणि त्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "तुमच्या पोराला सांगा, झिगी चांगला माणूस होता. सायकल सोडली तर." दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "आणि पुढच्या शनिवारी याल ना? काही न लावता?"

येणार. रोलही नेणार. जिंकले तरी.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग रेकडे. टर्की सुकी झाली होती, सूनबाईला सांगितलं नाही.

भोपळ्याचं गोड खाऊन झाल्यावर मी पर्स उघडली आणि फ्लोरेन्सने दिलेली पुडी रेसमोर सरकवली. "उघड. अठ्ठावन्न वर्षं उशीर झाला, पण घे."

त्याने उघडली. मला वाटलं होतं ओरडेल, टेबल बडवेल. त्याने कार्ड नाकाशी नेलं आणि डागाचा वास घेतला. मग अंगठ्याने तो कोपरा हळू हळू चोळत राहिला. 

हेझलने विचारलं, "म्हणजे आता पणजी वाईट नाही?"

"पणजी कधीच वाईट नव्हती," रे म्हणाला.

"मग तिने तुझी कार्डं फेकली कशाला?"

समोर कपाटावर चेटचा फोटो, मासा हातात धरून हसतोय. माझं तोंड उघडलं होतं, काय बोलणार होते देव जाणे. पण रे माझ्या आधी बोलला.

"घर आवरत होती बाळा. आया आवरतात."

आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

भांडी विसळायला आम्ही दोघंच स्वयंपाकघरात होतो. मी पुसत होते. रेने ओले हात पँटला पुसले, पाकीट काढलं आणि ती प्लॅस्टिकमधली पावती बाहेर काढली. या वेळी माझ्या डोळ्यांवर चष्मा होता.

दोन गुडघे, अर्धा हातमोजा, खाली ओलेनिक असं नाव. वरचा भाग जळून गेलेला.

त्याने तो तुकडा नव्या झिगीच्या मागे सरकवला, दोन्ही पाकिटात ठेवले आणि पुन्हा नळ सोडला.

माझ्या हातात बशी होती. ती मी किती वेळ पुसली कोण जाणे. मग विचारलं, "त्या सकाळी घमेलं तू रिकामं केलंस?"

"हो."

"नोवाकांकडे नव्हतास तू."

"जिन्यावर होतो."

"बाबांना कळलं होतं?"

"नाही. त्यांना कशाला सांगायचं? रडत होते गं ते."

मला बशी खाली ठेवावी लागली. "मग मेल्या, अठ्ठावन्न वर्षं मला कशाला चिडवत राहिलास? दर सणाला! चारचौघांत!"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. डोळे भरलेले, आणि ओठांवर तेच वात्रट हसू. "तू म्हणालीस, मी टाकली. मला वाटलं, आई एवढं खोटं बोलतेय तर तिला साथ द्यायला पाहिजे. आणि बाबा समोर असायचे ना. मी तुझं नाव घेतलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. ते गेल्यावर थांबणार होतो. पण मग वाटलं, तुला शंका येईल."

मी त्याला ओल्या फडक्याने मारलं. मग मिठी मारली. साबणाचा फेस माझ्या चांगल्या ब्लाउजला लागला तो लागलाच.

सूनबाई आत आली. "काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी हेझलचा फोन. म्हणते, पणजी, आता कार्ड मिळालं, तर मी तुला नवीन चित्र काढून देऊ का? कचऱ्याचा डबा नसलेलं?

फ्रिजच्या दारावर तिचं जुनं चित्र मी कालच लावलंय. चुंबक फ्लोरेन्सने दिलेलं, झिगीचंच. मी, माझं नाक, माझा खोका.

म्हटलं, नको बाळा, डबा राहू दे. मीच टाकली होती कार्डं, ते बरोबर आहे. फक्त तो शेजारचा मुलगा चुकलाय. ते निळे अश्रू खोडून टाक. तो रडला नव्हता.